केस मोजता येतात

पोटाची थोडी चरबी काढायची, तिच्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी डोक्याच्या कातडीत टोचायच्या, की विरळ झालेले केस पुन्हा दाट होतात, असं सांगणारी जाहिरात आता मोबाइलवरून कुठल्याही गावात पोचते. अजिंठ्याच्या पायथ्याच्या फर्दापुरातही पोचते. सोयगाव तालुक्यातल्या या गावात लेण्यांकडे जाणारे पर्यटक गाडी बदलतात. कापूस आणि मक्याच्या जोडीला इथल्या कितीतरी घरांचा संसार या पर्यटकांवर चालतो. ज्याचं काम दिवसभर अनोळखी माणसांसमोर उभं राहण्याचं आहे आणि ज्याच्या घरी स्थळं बघणं सुरू आहे, अशा पंचविशीतल्या मुलाचे कपाळावरचे केस मागे सरकू लागले, तर त्याची घालमेल खरी असते. तिला हसणं हा निर्दयपणा आहे. त्याच्या हातातला फोन मात्र त्याला सांगतो, की चरबी तुझीच, पेशी तुझ्याच, बाहेरचं काही शरीरात जाणार नाही, म्हणून धोका नाही आणि परिणाम हमखास. या वाक्यातला पहिला भाग बहुतांशी खरा आहे. त्यावरून काढलेले पुढचे दोन्ही निष्कर्ष खोटे आहेत. ते खोटे का, हे सांगण्यासाठी हा प्रतिवाद आहे. चरबीतल्या पेशींवर संशोधन होऊ नये असं माझं म्हणणं नाही. उलट ते व्हावं, महाराष्ट्रात व्हावं आणि नीट व्हावं. माझा विरोध आहे तो ज्याची तपासणी अजून चालू आहे ते सिद्ध उपचार म्हणून विकण्याला. आणि केसांच्या बाबतीत हा विरोध इतर कुठल्याही आजारापेक्षा जास्त ठामपणे करायला हवा, कारण केस मोजता येतात.

या कल्पनेत शास्त्रीय तथ्य नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. माणसाच्या चरबीतून निरनिराळ्या ऊतींच्या पेशी तयार करू शकणाऱ्या पेशी, म्हणजे स्टेम सेल, मिळतात, हे 2001 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. पुढे 2011 मध्ये येल विद्यापीठातल्या एका गटाने उंदरांच्या कातडीवर काम करून आणखी महत्त्वाची गोष्ट मांडली. केसाच्या मुळाभोवती जो चरबीचा थर असतो, त्यातल्या अपरिपक्व पेशी मुळाला पुन्हा वाढीच्या अवस्थेत जाण्याचा संकेत देतात. म्हणजे चरबी आणि केस यांचं नातं कल्पित नाही. पण उंदराच्या कातडीतला तो थर आणि माणसाच्या पोटावरची चरबी यांत मोठं अंतर आहे, आणि दवाखान्यात प्रत्यक्षात जे टोचलं जातं त्यात तर आणखी अंतर पडतं. लायपोसक्शनने चरबी काढून ती विकराने पचवली, यंत्रात फिरवली, की तळाशी एक मिश्र गाळ उरतो. त्यात रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी असतात, प्रतिकारशक्तीच्या पेशी असतात, आधारपेशी असतात. ज्यांच्या नावावर हा सगळा व्यवहार चालतो त्या स्टेम सेल त्यात थोड्याच असतात, आणि किती असतात हे माणसागणिक, यंत्रागणिक, वापरलेल्या विकरागणिक बदलतं. काही ठिकाणी विकर वापरतच नाहीत. चरबी दोन सिरिंजमधून पुन्हा पुन्हा ढकलून तिचा लगदा करतात आणि गाळून टोचतात. 2013 मध्ये बेल्जियममधल्या शल्यविशारदांनी वर्णन केलेला हा ‘नॅनोफॅट’. त्यात जिवंत चरबीपेशी जवळजवळ उरत नाहीत. गाळ वेगळा, लगदा वेगळा, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी वेगळ्या. जाहिरातीत मात्र हे सगळं ‘स्टेम सेल’ या एकाच नावाने येतं, आणि एका प्रकारावर झालेल्या अभ्यासाचा हवाला दुसरा प्रकार विकण्यासाठी दिला जातो.

मग अभ्यास काय सांगतात? बाजू घेणारे ज्याचा दाखला देतात तो महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेत झाला आणि 2020 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यात 71 जण होते. कोणाला चरबीसोबत पेशींची कमी मात्रा, कोणाला जास्त मात्रा, कोणाला नुसती चरबी, कोणाला मिठाचं पाणी दिलं गेलं. 24 आठवड्यांनंतरच्या मोजणीत ठळक फायदा दिसला तो कमी मात्रेच्या गटातल्या आणि त्यातही टक्कल सुरुवातीच्या एका विशिष्ट टप्प्यावर असलेल्या लोकांत. पेशी जास्त टोचल्या म्हणून केस जास्त आले असं झालं नाही. जे औषध खरोखर काम करतं त्याची मात्रा वाढवली की परिणाम निदान एका मर्यादेपर्यंत वाढायला हवा. तो वाढला नाही, तर मिळालेला फायदा योगायोगाचा असण्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी लागते, आणि ती पुसून टाकायला मोठा अभ्यास लागतो. दुसरा अभ्यास कोरियातला, 38 जणांवरचा. त्यात 16 आठवड्यांनी केसांची संख्या उपचाराच्या गटात 28.1 टक्क्यांनी वाढली. आकडा आकर्षक आहे, पण त्यात पेशी टोचल्याच नव्हत्या. पेशींपासून काढलेला अर्क लोकांनी स्वतः डोक्याला लावला होता. आणि ज्यांना नुसतं निष्क्रिय द्रावण मिळालं त्यांच्याही केसांत 7.1 टक्के वाढ नोंदली गेली. हा दुसरा आकडा जाहिरातीत कधी दिसत नाही. कुठलंही औषध न दिलेल्या माणसाचे केसही काही महिन्यांत सात टक्क्यांनी वाढलेले मोजले जाऊ शकतात, तर ज्या दवाखान्यात तुलनेचा गटच नाही, तिथल्या ‘दिसतोय ना फरक’ या शब्दांना पुरावा म्हणून काय वजन द्यायचं?

याच्या शेजारी फिनास्टेराइड या गोळीची कथा ठेवून बघा. पुरुषांच्या टकलामागे वृषणातून येणारं संप्रेरक असतं, हे 1942 साली जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवून दिलं होतं. पौगंडावस्थेआधी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. पुढे कळलं, की टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन काही मुळांना हळूहळू आकसवतं, केस बारीक, आखूड होत जातात आणि शेवटी दिसेनासे होतात. फिनास्टेराइड ते रूपांतर रोखतं. 1997 मध्ये केसांसाठी या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली, त्याआधी 18 ते 41 वर्षांच्या 1,553 पुरुषांवर तुलनेच्या गटासह चाचण्या झाल्या होत्या. टाळूवर एक ठरावीक वर्तुळ आखून त्यातले केस मोजले गेले. दुष्परिणामही मोजले गेले. पहिल्या वर्षात लैंगिक तक्रार गोळी घेणाऱ्यांपैकी 3.8 टक्क्यांनी केली, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी 2.1 टक्क्यांनी. पुढे लाखो लोकांच्या वापरातून आणखी माहिती जमत गेली आणि 2025 मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. चरबीच्या पेशी विकणारे याच गोष्टी फिनास्टेराइडच्या विरोधात वापरतात. ‘गोळीचे केवढे दुष्परिणाम, आमच्या उपचाराचे शून्य,’ असं सांगतात. पण गोळीचे दुष्परिणाम आपल्याला माहीत आहेत कारण कुणीतरी बसून ते मोजले, नोंदवले, छापले. चरबीच्या पेशींचे दुष्परिणाम ‘शून्य’ आहेत, कारण ते मोजणारंच कोणी नाही. शिवाय पेशी टोचून संप्रेरकाचा तो परिणाम थांबत नाही. मूळ कारण तसंच राहतं, म्हणून आलेले केस वर्षभराने, तीन वर्षांनी टिकतात का हे बघणं भाग आहे. सहा महिन्यांच्या फोटोवर हे कळण्यासारखं नाही.

इथे माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. वैद्यकात अशा कितीतरी गोष्टी आहेत ज्यांचा पुरावा मिळवणं खरोखर अवघड असतं. स्मृतिभ्रंशाचं औषध कामाला आलं का हे कळायला वर्षं लागतात. दुर्मीळ आजारात रुग्णच मिळत नाहीत. वेदना किती कमी झाली हे रुग्णाच्या शब्दावरच घ्यावं लागतं. टकलाच्या बाबतीत यातलं एकही कारण सांगता येत नाही. रुग्ण भरपूर आहेत, ते धडधाकट आहेत, तरुण आहेत, सहा महिन्यांनी परत येऊ शकतात. टाळूवर एक बारीक गोंदण-ठिपका करून दरवेळी त्याच चौरस सेंटीमीटरमधले केस भिंगाच्या कॅमेऱ्याने मोजता येतात, त्यांची जाडी मोजता येते. इतकंच काय, एकाच माणसाच्या डोक्याच्या एका बाजूला पेशी आणि दुसऱ्या बाजूला मिठाचं पाणी टोचून, मोजणाऱ्याला कुठल्या बाजूला काय आहे ते न सांगता तुलना करता येते. पेशींतून सुटलेले घटक थोडेफार पलीकडे झिरपतील, हा आक्षेप रास्त आहे. पण मग दोन वेगळे गट घ्या. इतकं सोपं मोजमाप असूनही हा उपचार विकणारे दवाखाने वर्षानुवर्षं ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोन फोटोंवर भागवतात. एका फोटोत केस ओले आणि वरून प्रखर दिवा, दुसऱ्यात केस कोरडे, थोडे वाढलेले, भांग बदललेला. त्यात बहुतेक रुग्णांना पेशींच्या जोडीला पीआरपी, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त द्रव, दिलेलं असतं, मिनॉक्सिडिल लावायला सांगितलेलं असतं, कधी फिनास्टेराइडही चालू असतं. केस आले तर कशाने आले? मिनॉक्सिडिलला 1988 पासून मान्यता आहे, ते काम करतं हे माहीत आहे, स्वस्तात मिळतं. त्याच्या यशाचं श्रेय चरबीच्या पेशींच्या खात्यावर जमा होतं आणि बिल मात्र पेशींचं होतं. जो उपचार मोजणं इतकं सोपं आहे तो न मोजता विकला जातो, तेव्हा त्याला घाई किंवा साधनांची कमतरता म्हणता येत नाही. न मोजणं ही तिथे जाणूनबुजून केलेली निवड आहे.

केस अनेकदा आपोआप परत येतात, हे विसरलं की असल्या कुठल्याही उपचाराचे डंके वाजतात. याचं ठळक उदाहरण फर्दापूरपासून फार दूर नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यात, 2024 च्या डिसेंबर अखेरीपासून बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा अशा गावांत माणसांचे केस मुठीने हातात येऊ लागले आणि काही दिवसांत डोकी मोकळी झाली. म्हातारे, बाया, पोरं, कोणी सुटलं नाही. हा आकडा 18 गावांत 279 जणांपर्यंत गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पथक आलं, पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने गेले. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे पोचले, नमुने स्वतः तपासून घेतले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी सांगितलं, की रुग्णांच्या रक्तात सेलेनियम 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट वाढलेलं आहे, आणि त्याचा माग रेशनच्या गव्हाकडे जातो. या लोकांपैकी बहुतेकांचे केस काही आठवड्यांत परत येऊ लागले. कुणाच्या पोटाची चरबी काढावी लागली नाही. आता कल्पना करा, की जानेवारीत त्याच गावांत एखाद्याने फिरता दवाखाना लावून दोनशे लोकांना चरबीच्या पेशी टोचल्या असत्या. मार्चपर्यंत त्याच्याकडे दोनशे खरीखुरी माणसं असती, दोनशे खरे फोटो असते आणि शपथेवर सांगणारे दोनशे साक्षीदार असते. त्यातला एकही खोटं बोलत नसता, आणि तरीही निष्कर्ष पूर्ण चुकीचा ठरला असता. शेगावचं प्रकरण पुरुषांच्या आनुवंशिक टकलाहून वेगळं आहे, हे उघड आहे. पण टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, कडक उपवास, लोहाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड यांनी होणारी केसगळती गावोगावी असते, आणि तीत कारण गेलं की केस सहसा परत येतात. असेच लोक घाबरून महागड्या उपचारांच्या दारात जातात आणि त्या उपचारांचे सर्वांत समाधानी ग्राहक ठरतात. बावस्करांनी आधी मोजलं आणि मग बोलले. ती शिस्त चरबीच्या पेशींच्या दवाखान्यांकडून मागणं जास्तीचं नाही.

‘पण पेशी तर रुग्णाच्याच आहेत, मग हे औषध कसं?’ हा या व्यवसायाचा सगळ्यात मोठा बचाव. तो अमेरिकेतल्या न्यायालयांत पूर्णपणे मांडला गेला आहे. 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कनिष्ठ न्यायालयाने तो मान्यही केला होता. सप्टेंबर 2024 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. फ्लोरिडातल्या दुसऱ्या खटल्यात 2021 मध्येच हा बचाव फेटाळला गेला होता. न्यायालयांचं तर्कशास्त्र साधं होतं. काढली ती चरबी, परत टोचला तो तिच्यातून प्रक्रियेने वेगळा केलेला पेशींचा गाळ. जे काढलं तेच परत गेलं असं म्हणता येत नाही. विकराने पचवलेलं, फिरवलेलं, दुसऱ्या जागी दुसऱ्या कामासाठी टोचलेलं द्रव्य हे औषधच आहे. भारतातही चित्र धूसर नाही. 2019 च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियमांत स्टेम सेलपासून केलेलं उत्पादन ‘नवीन औषध’ या व्याख्येत बसतं. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेलचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा इतर कोणताही वापर प्रायोगिक आहे आणि तो मंजूर चाचणीतच व्हायला हवा. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात, हे वेगळं सांगायला नको. आपलंच रक्त आपल्यालाच परत द्यायचं तरी ते घेणाऱ्या रक्तपेढीला परवाना लागतो, साठवणुकीचे नियम लागतात, तपासण्या लागतात. तिथे ‘रक्त तर त्याचंच आहे’ असं म्हणून कोणी नियम सैल करत नाही. आणि या बचावातली अडचण आणखी खोल आहे. औषध व प्रसाधन नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये ज्या व्याधी बऱ्या करण्याचा दावा औषधाने करता येत नाही त्यांची यादी आहे, आणि तीत टक्कल आणि नवे केस उगवणं या दोन्ही गोष्टी नावानिशी आहेत. म्हणजे पेशींचा गाळ औषध आहे असं मानलं, तर टक्कल घालवण्याची जाहिरात नियमाला धरून नाही. औषध नाही असं मानलं, तर त्यात केस उगवण्याची शक्ती आहे हा दावाच निराधार होतो. दोन्हीकडून एकाच वेळी फायदा घेता येणार नाही.

धोक्याबद्दल बोललं, की ‘डोळ्याची आणि डोक्याची तुलना करू नका’ असं उत्तर मिळतं. फ्लोरिडात 2015 मध्ये तीन वृद्ध स्त्रियांच्या डोळ्यांत चरबीतल्या पेशी टोचल्या गेल्या, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. तिघींची दृष्टी गेली किंवा जवळजवळ गेली. प्रत्येकीने 5,000 डॉलर मोजले होते, आणि हे प्रकरण 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. डोक्याच्या कातडीत टोचल्याने माणूस आंधळा होतो असं मी म्हणत नाही. त्या प्रकरणातला धडा वेगळा आहे. त्या दवाखान्याचा अभ्यास सरकारी संकेतस्थळावर नोंदलेला होता, म्हणून आपण अधिकृत संशोधनात आहोत असं स्त्रियांना वाटलं. नोंद म्हणजे परवानगी असा गैरसमज भारतातही सहज होऊ शकतो. आपल्याकडे सीटीआरआय ही चाचण्यांची नोंदवही 2007 पासून आहे आणि 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे, पण नोंदणी म्हणजे उपचार सिद्ध झाल्याचा शिक्का नव्हे. राहिला प्रश्न डोक्याचा. कपाळ आणि भुवयांमधल्या भागात चरबी टोचताना ती रक्तवाहिनीत शिरून दृष्टी गेल्याच्या, पक्षाघात झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. टाळूच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या त्याच भागातून वर जातात. लायपोसक्शनमध्ये भूल आणि द्रव यांचे आपले धोके असतात. आणि पेशी वेगळ्या करणाऱ्या खोलीतली स्वच्छता नीट नसेल, तर संसर्ग थेट टोचला जातो. जपानमध्ये 2014 पासून अशा उपचारांना समितीच्या मंजुरीने खासगी दवाखान्यांत वाट मोकळी आहे, आणि भारतानेही तसं करावं असं काही डॉक्टर सुचवतात. त्या जपानमध्येच ऑगस्ट 2025 मध्ये स्वतःच्या चरबीतल्या पेशी शिरेतून घेतल्यावर टोकियोत एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि आरोग्य मंत्रालयाला त्या उपचारावर तातडीने बंदी आणावी लागली. तिथे पेशी शिरेतून गेल्या, डोक्यात नाही. तरीही ‘माझ्याच पेशी म्हणजे धोका नाही’ हे वाक्य इथून पुढे कोणी खात्रीने म्हणू नये, इतकं यातून नक्की ठरतं.

सगळ्यात गंभीर आक्षेप स्वातंत्र्याचा आहे. केस गेले म्हणून कोणी मरत नाही. प्रौढ माणसाला आपल्या पैशाने आपल्या डोक्याचं जे करायचं ते करू द्या, त्यात सरकारने आणि लेखकांनी नाक खुपसू नये, असं म्हणणारे लोक विचार न करता बोलत नाहीत. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, आणि म्हणूनच उत्तर सरळ द्यायला हवं. निवडीचं स्वातंत्र्य माहितीवर उभं असतं. फर्दापूरच्या तरुणाला जर कोणी लिहून दिलं, की ‘या उपचाराचा फायदा एका छोट्या अभ्यासातल्या एका उपगटात दिसला, तो किती टिकतो माहीत नाही, तुझ्यासारख्या माणसात तो दिसेलच असं नाही, गोळी आणि मिनॉक्सिडिल यांपेक्षा तो चांगला आहे असं कुणी दाखवलेलं नाही, आणि धोके मोजलेले नाहीत’, आणि हे वाचून त्याने होय म्हटलं, तर त्याची निवड खरी. असं कागदावर लिहून पैसे मागणारा दवाखाना मला तरी माहीत नाही. जिथे संमतीपत्रावर खरं लिहिलं तर गिऱ्हाईक उठून जाईल, तिथे संमती स्वतंत्र नसते. आणि हा सौदा वरवर दिसतो तितका एकट्या माणसाचा नाही. मक्याच्या एका हंगामाचं उत्पन्न, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे किंवा सावकाराचं कर्ज या दवाखान्यांच्या पेटीत जातं, तेव्हा त्या घरातल्या सगळ्यांचं स्वातंत्र्य कमी होतं. श्रीमंत माणूस निष्फळ उपचाराची किंमत विसरतो. फर्दापूरच्या घराला ती पुढच्या पेरणीपर्यंत भोगावी लागते.

उरतो तो मुलगा, ज्याने गोळी घेतली आणि सोसली नाही, मिनॉक्सिडिल लावलं आणि कंटाळला, किंवा ज्याचं टक्कल या दोन्हींनी थांबलं नाही. अशी माणसं आहेत. त्यांना ‘वाट बघा’ एवढंच सांगणं पुरेसं नाही. आनुवंशिक टकलावर आज असलेली औषधं रोज आणि जन्मभर लागतात, थांबवली की केस पुन्हा जातात, आणि त्यांच्या मर्यादा मोठ्या आहेत. केस रोपण काहींना उपयोगी पडतं, पण मागच्या भागात पुरेसे दाट केस असतील तरच, आणि ते तज्ज्ञाच्या हातूनच व्हायला हवं. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लिहून सांगावं लागलं, की कार्यशाळा किंवा यूट्यूबवर बघून केस रोपण शिकलं म्हणजे प्रशिक्षण झालं असं होत नाही. यावरून या क्षेत्राची अवस्था कळते. पण केसांच्या बाबतीत विज्ञान थांबलेलं आहे हे खरं नाही. चट्टे पडून केस जाणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या गोंधळातून होणाऱ्या अलोपेशिया अरियाटावर 2022 मध्ये बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. तीही मोठ्या चाचण्यांतून आणि तुलनेच्या गटासह. तो दुसरा आजार आहे, पण केसांच्या बाबतीत नवं औषध सिद्ध करता येतं, हे त्यातून दिसतं. जे दुसऱ्यांनी करून दाखवलं ते चरबीच्या पेशींच्या पुरस्कर्त्यांनी का करू नये?

आणि ते महाराष्ट्रात करणं शक्य आहे. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, जळगावच्या शासकीय महाविद्यालयात, मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत, रुग्णांची रांग आहे, नीतिसमित्या नेमता येतात. दोनशे पुरुष, चार गट, वर्षभराची मोजणी, खर्च संशोधनाचा, रुग्णाकडून एक रुपयाही नाही, नुकसान झालं तर भरपाई, आणि निकाल कसाही लागो, छापायचा. ज्यांना या उपचारावर विश्वास आहे त्यांनी हा प्रस्ताव स्वतः मांडावा. तोवर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अनुसूची ‘जे’ समोर ठेवून या जाहिराती काढायला लावाव्यात, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेतला रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करण्यावरचा निर्बंध कागदावर न ठेवता लावावा. फर्दापूरहून संभाजीनगरला किंवा जळगावला जायचंच असेल, तर तो प्रवास आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडच्या तपासणीसाठी आणि त्वचारोगतज्ज्ञाने भिंगातून टाळू बघण्यासाठी व्हावा. त्यानंतरही कोणी चरबीच्या पेशींचं नाव काढलं, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: तुलनेच्या गटासह केलेला तुमचा अभ्यास कुठे छापला आहे, तुमच्या चाचणीला परवानगी कोणी दिली, आणि चाचणी असेल तर माझ्याकडून पैसे कशाचे घेता?